हबवरचे पंखे एक तर पूर्ण वेगाने फिरतात, नाहीतर फिरतच नाहीत: दोष कुठे शोधावा

लक्षणे

कॅबिनेटमधले अनेक पंखे एकत्र जोडणारी छोटी पट्टी म्हणजे हब. त्याच्याबद्दल दुरुस्तीसाठी येणाऱ्या तक्रारी वरवर वेगवेगळ्या वाटल्या तरी फिरून फिरून त्याच असतात. संगणक सुरू करताच कॅबिनेटचे सगळे पंखे घोंघावू लागतात आणि काम चालू असो वा नसो, आवाज काही कमी होत नाही. किंवा पंख्यांतले दिवे लागतात, पण पाती हलत नाहीत. किंवा पंखे डोळ्यांसमोर फिरत असतात आणि बायोस (संगणक सुरू होताना उघडता येणारी मूळ मांडणी) मात्र ० आरपीएम, म्हणजे मिनिटाला शून्य फेरे, दाखवतो. कधी तर संगणक सुरू होतानाच ‘सीपीयू फॅन एरर’ (सीपीयू म्हणजे मुख्य प्रोसेसर) असे लिहून एफ-१ दाबेपर्यंत अडून बसतो. काहींच्या पंख्यांचा वेग दर काही सेकंदांनी वर-खाली होत राहतो. काही ठिकाणी बरेच दिवस सगळे सुरळीत चालते आणि एकदा लाईट जाऊन आली की पहिली तक्रार पुन्हा हजर होते. सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे हबच्या जोडणीजवळ जळका वास येणे. तो येत असेल तर पुढे वाचण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढून ठेवावा.

अशा वेळी ग्राहक बहुधा पंखेच बदलून मागतो. पंखे खराब होतात, नाही असे नाही. पण सहाच्या सहा पंखे एकाच दिवशी खराब होत नाहीत. सगळे पंखे एकसारखे बिघडल्यासारखे वागत असतील तर दोष पंख्यांच्या अलीकडे, म्हणजे हबमध्ये, त्याच्या जोडणीत किंवा बायोसच्या मांडणीत असतो. एकच पंखा वेगळा वागत असेल तरच संशय त्या पंख्यावर घ्यावा. एवढा भेद आधी केला तरी निम्मी शोधाशोध वाचते.

हबमध्ये नेमके काय एकत्र येते

मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पट्टीवर, कॅबिनेटच्या पंख्यांसाठी दोन-तीनच हेडर (प्लग बसवायच्या पिनांच्या जागा) असतात आणि त्यातला प्रत्येक हेडर साधारणपणे १ अँपिअर, म्हणजे १२ वॅटपर्यंतच भार सोसतो. म्हणून पंखे जास्त झाले की हब लागतो. चांगल्या हबमध्ये तीन गोष्टी तीन वेगळ्या वाटांनी चालतात, आणि दोष शोधताना त्या मनात वेगळ्या ठेवणे हेच खरे काम आहे. १२ व्होल्टची वीज एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, साटा (चपटा प्लग) किंवा मोलेक्स (चार जाड पिनांचा प्लग) जोडणीने येते. किती वेगाने फिरायचे हा हुकूम मदरबोर्डच्या हेडरमधून एका वायरीने येतो. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात आणि हा इशारा सेकंदाला साधारण २५ हजार वेळा चालू-बंद होतो. तिसरी वाट उलटी आहे: पंखा आपला वेग मदरबोर्डला कळवतो, एका फेऱ्याला दोन ठोके या हिशेबाने.

या तिसऱ्या वाटेत एक मेख आहे. हबला दहा पंखे जोडले तरी मदरबोर्डकडे परत जाणारी वायर एकच असते, म्हणून हब फक्त एका ठरावीक जागेवरच्या पंख्याचा वेग कळवतो. वर्गाची हजेरी पहिल्या बाकावरच्या एका मुलाकडे पाहून लावावी, तसा हा प्रकार आहे. ती जागा बहुधा १ या आकड्याने, वेगळ्या रंगाने किंवा ‘सीपीयू’ या अक्षरांनी दाखवलेली असते.

आता तपासण्या. प्रत्येक वेळी वायर काढण्याआधी किंवा लावण्याआधी संगणक बंद करून एसएमपीएसचे मागचे बटणही बंद करावे. चालू यंत्रात साटा जोडणी काढ-घाल करण्याची सवय बऱ्याच जणांना असते. त्यातून ठिणगी पडून हबची पिन काळी पडते आणि मूळ दोषावर दुसरा दोष चढतो.

आधी नुसते पाहावे

कॅबिनेटची मागची बाजू उघडून हबला साटा किंवा मोलेक्सची जोडणी आहे की नाही, हे पाहावे. नसेल तर तो हब नसून एकाच हेडरवर अनेक पंखे लटकवणारा नुसता फाटा आहे, आणि सगळा भार मदरबोर्डच सोसतो आहे. हा फरक ग्राहकाला माहीत नसतो, कारण दोन्ही वस्तू दिसायला सारख्याच आणि काही शे रुपयांच्याच असतात.

जोडणी असेल तर ती पूर्ण बसली आहे का, हे बोटाने दाबून पाहावे. साटाचा प्लग अर्धवट बसला तरी दिसायला बसल्यासारखा दिसतो. कॅबिनेटचा मागचा पत्रा जोर लावून बंद करताना वायरींचा गठ्ठा त्याच प्लगवर दाबला जातो आणि तो एका बाजूने उचलला जातो. दिवे लागतात पण पाती फिरत नाहीत, याचे कारण बहुधा इथेच सापडते: दिव्यांना बहुतेक वेळा ५ व्होल्ट लागतात, पंख्याच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, आणि तिरक्या बसलेल्या प्लगमध्ये एक बाजू टेकते, दुसरी टेकत नाही. प्लग काढल्यावर त्यातली प्लास्टिकची बारीक पट्टी शाबूत आहे का आणि पिवळ्या वायरीच्या बाजूला तपकिरी डाग आहे का, तेही पाहावे. डाग दिसला तर सरळ खाली ‘कुठे थांबावे’ या भागाकडे जावे.

खानापूरकडे आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की बरेच दिवस बंद ठेवलेल्या यंत्राच्या पिनांवर मळकट थर चढतो. प्लग दोन-तीन वेळा काढून घातल्याने तो घासला जातो आणि हब पुन्हा चालू लागतो. तेवढ्यावर दुरुस्ती झाली असे मात्र समजू नये. पिनांची पकड सैल झाली असेल तर तोच थर पुन्हा चढतो आणि सैल जोडणी तापते.

पंख्याच्या प्लगला भोके तीन की चार

तीन भोकांच्या पंख्याला हुकूम ऐकण्याची वायरच नसते. त्याचा वेग कमी करायचा तर त्याला मिळणारे व्होल्टच कमी करावे लागतात. साटावरून वीज घेणारा सामान्य हब मात्र कायम पूर्ण १२ व्होल्ट पुढे देतो, त्यामुळे त्याच्यावर लावलेला तीन पिनांचा पंखा आयुष्यभर पूर्ण वेगानेच फिरणार. इथे बिघाड काहीच नाही, निवड चुकली आहे. बायोसमध्ये तासभर डोके घालून उपयोग होत नाही. उपाय तीन: चार पिनांचे पंखे घेणे, व्होल्ट कमी-जास्त करू शकणारा हब घेणे, किंवा दोन-तीनच पंखे असतील तर साधा फाटा लावून मदरबोर्डचा हेडर डीसी पद्धतीवर (व्होल्ट कमी-जास्त करून वेग ठरवणारी पद्धत) ठेवणे.

त्याच वेळी हबची पहिली जागा रिकामी नाही ना, हेही पाहावे. पंखे फिरतात पण ० आरपीएम दिसते, या तक्रारीचे हे सर्वांत साधे कारण आहे, आणि एक प्लग हलवला की ती मिटते.

पहिल्या जागेवर ‘सीपीयू’ लिहिलेले असले तरी सीपीयूच्या कूलरचा पंखा हबवर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो थेट मदरबोर्डच्या सीपीयू फॅन हेडरवरच असावा. हबची जोडणी सैल झाली तर कॅबिनेटचे पंखे थांबतात आणि आतली उष्णता हळूहळू वाढते. पण कूलरचा पंखाही त्याच हबवर असला तर तोही त्याच क्षणी थांबतो. सीपीयू साधारण ९० ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो हे खरे, पण लग्नसराईत रात्रभर व्हिडिओ रेंडर होत असताना हा अनुभव कोणालाच नको असतो. ‘सीपीयू फॅन एरर’ बायोसमधून दडपून टाकण्याची सोय असते. कूलरचा पंखा खरोखर फिरतो आहे याची डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय तिला हात लावू नये.

काही कॅबिनेटच्या पंख्यांना सहा पिनांचा एकच प्लग असतो, ज्यात मोटर आणि दिवे दोन्हींच्या वायरी असतात. असे पंखे त्यांच्या स्वतःच्या हबवरच चालतात. प्लग बसला म्हणून वायरींचा क्रम जुळला असे होत नाही. त्यांच्या हबला बहुधा रिमोट असतो आणि वेग रिमोटवर ठरत असेल तर मदरबोर्डच्या हुकमाला तिथे किंमत नसते. रिमोटवरचे मदरबोर्डशी जुळवून घेण्याचे बटण दाबून पाहावे.

बायोसमधील पद्धत

चार पिनांच्या पंख्याला हुकमाची वायर तुटकी किंवा गप्प दिसली की तो पूर्ण वेगाने फिरतो. ही रचना मुद्दाम तशी आहे: नियंत्रण गेले तरी थंडावा जाऊ नये. म्हणून ‘सगळे पंखे कायम फुल’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘हबपर्यंत हुकूम पोहोचत नाही’ एवढाच असतो.

हुकूम न पोहोचण्याचे नेहमीचे कारण म्हणजे हेडर डीसी पद्धतीवर असणे. या पद्धतीत मदरबोर्ड पीडब्ल्यूएमचा इशारा न वापरता हेडरवरचे व्होल्ट कमी-जास्त करतो. पण साटावाला हब हेडरमधून वीज घेतच नाही, त्यामुळे त्याला त्यातले काही कळत नाही. असूसच्या बोर्डावर क्यू-फॅन, गिगाबाइटवर स्मार्ट फॅन आणि एमएसआयवर हार्डवेअर मॉनिटर या ठिकाणी ही निवड सापडते. तिथे ‘ऑटो’ असले तरी त्यावर विसंबू नये. हब पाहून बोर्डाचा अंदाज चुकू शकतो. स्पष्टपणे पीडब्ल्यूएम निवडावे आणि बदल जतन करून बाहेर पडावे.

लाईट जाऊन आल्यावर तक्रार परत येण्याचा प्रकार आमच्या भागात फार, आणि त्याचा उलगडा इथेच होतो. दुकानदार रात्री जाताना मेन स्विच बंद करतात. संगणकाला वीज जोडलेली असते तोवर घड्याळ त्याच विजेवर चालते. मेन बंद झाला की ते मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलवर चालू लागते. वर्षानुवर्षे रोज रात्री असे झाले की सेल संपतो आणि काही बोर्डांवर त्यासोबत बायोसची मांडणीही मूळ पदावर जाते. मग हेडर पुन्हा ‘ऑटो’वर, आणि पंखे पुन्हा फुल. खूण अगदी सोपी आहे: संगणकाची तारीख मागे गेलेली असते, ब्राउझर संकेतस्थळे उघडायला नकार देतो आणि पंखे ओरडत असतात. दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या समजून दोन वेगळ्या माणसांना बोलावणारे ग्राहक मी पाहिले आहेत. सेल ३ व्होल्टचा असतो, मीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदलून टाकावा, बायोसमध्ये पीडब्ल्यूएम पुन्हा निवडावे, आणि इन्व्हर्टर किंवा हबला उगाच दोष देऊ नये.

वेग दर काही सेकंदांनी वर-खाली होत असेल तर जोडणी ठीक आहे. पंख्यांचा वेग सीपीयूच्या तापमानाशी बांधलेला आहे एवढेच. सीपीयूचे तापमान एखादी फाइल उघडली तरी क्षणभर उसळते. कॅबिनेटच्या हबला मदरबोर्डच्या तापमानाशी बांधावे, किंवा वेग बदलण्याआधीचा विलंब काही सेकंदांनी वाढवावा. विंडोजमध्ये पंखे सांभाळणारी दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू असतील तर त्यांतले एक काढावे.

एक वायर काढून करायची चाचणी

इथपर्यंत काही सापडले नाही तर ही फुकटची चाचणी वीज आणि हुकूम या दोन वाटा स्वच्छ वेगळ्या करते. संगणक बंद करावा, हबकडून मदरबोर्डला जाणारी बारीक वायर मदरबोर्डच्या टोकाला काढावी, साटा जोडणी तशीच ठेवावी आणि संगणक सुरू करावा. कूलरचा पंखा सीपीयू हेडरवर असल्याची खात्री आधी करावी.

हबवरचे चार पिनांचे पंखे पूर्ण वेगाने फिरले तर एसएमपीएसपासून पंख्यापर्यंतची वीज निर्दोष आहे. मग ती वायर पुन्हा लावून बायोसमध्ये वेग ४० टक्क्यांवर पक्का करावा. वेग उतरला तर सगळेच ठीक आहे आणि प्रश्न फक्त बायोसमधल्या, तापमानानुसार वेग ठरवणाऱ्या आलेखाचा होता. उतरला नाही तर तीच वायर दुसऱ्या हेडरवर लावून, तिथेही पीडब्ल्यूएम निवडून पाहावे. दुसऱ्या हेडरवर चालले तर पहिला हेडर संशयित. कुठेच चालले नाही तर हब किंवा त्याची वायर.

वायर काढल्यावर पंखे फिरलेच नाहीत तर दोष विजेच्या वाटेवर आहे आणि बायोसकडे पाहण्याची गरज नाही. हबला एसएमपीएसच्या दुसऱ्या साटा वायरीवर लावून पाहावे. मात्र ही वायर त्याच एसएमपीएसची असावी. सुट्या वायरींच्या एसएमपीएसमध्ये एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्ये बसते, पण त्या टोकाच्या पिनांचा क्रम ठरलेला नसतो. १२ व्होल्टची वायर ५ व्होल्टच्या जागी गेली तर हब आणि त्या वायरीवरची हार्ड डिस्क एका क्षणात जातात. हार्ड डिस्कमध्ये कोणाच्या तरी लग्नाचे फोटो असतात, आणि नवे लग्न लावून ते परत मिळत नाहीत.

एकेक पंखा पहिल्या जागेवर

हब एकाच पंख्याचा वेग सांगत असल्यामुळे बाकीचे पंखे मंद झाले किंवा अडकले तरी पडद्यावरचा आकडा ठणठणीत दिसतो. म्हणून प्रत्येक पंखा आळीपाळीने पहिल्या जागेवर लावून त्याचा आरपीएम लिहून घ्यावा. एकाच प्रकारच्या पंख्यांत एखादा बराच मागे पडत असेल तर तोच काढून उजेडात धरावा.

पंख्यात काय सापडेल हे यंत्र कुठे ठेवले आहे यावर असते. शहापूर-वडगावकडे, यंत्रमागाशेजारच्या खोलीत असलेल्या संगणकाच्या पंख्यात सुताची बारीक तंतुमय कीस मोटरच्या कण्याभोवती घट्ट गुंडाळलेली असते. ती ब्लोअरने निघत नाही, चिमट्याने एकेक पदर सोडवून काढावी लागते. उद्यमबागेत कारखान्याच्या ऑफिसातल्या यंत्रात लोखंडाची काळी पूड असते. पंख्याच्या फिरत्या भागात चुंबक असल्याने ती तिथेच दाढीसारखी चिकटून राहते, आणि ती वीज वाहून नेत असल्याने हबच्या उघड्या पिनांवर बसली तर घातक ठरते. अशा ठिकाणी हब कॅबिनेटच्या तळाशी न ठेवता मागच्या पत्र्यावर उभा लावावा. निपाणीकडे तंबाखूची धूळ चिकट असते, तिला कोरडा ब्रश लागतो.

हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळा पंखा हवेने वाटेल त्या वेगाने फिरतो आणि त्यात बेअरिंग खराब होते. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर वापरूच नये. तिच्यासोबत पाणी आणि तेल येते.

भाराची बेरीज

प्रत्येक पंख्याच्या मागच्या चिकटपट्टीवर अँपिअर छापलेले असतात. ०.२ अँपिअरचे सहा पंखे म्हणजे १.२ अँपिअर. साध्या फाट्याने ते एका हेडरवर असतील तर मर्यादा ओलांडली गेली आहे, आणि सुरू होताना पंखा चालू स्थितीपेक्षा जास्त वीज ओढतो हे वेगळेच. साटा जोडणीत १२ व्होल्टसाठी तीन पिना आणि प्रत्येकी १.५ अँपिअर, म्हणजे एकूण ४.५ अँपिअर, ५४ वॅट. दहा पंख्यांचा एक हब त्यात आरामात बसतो. एका हबवर दुसरा हब लटकवला की मात्र हा हिशेब कोणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून तसे करू नये.

मोलेक्सवरून साटा करणारी जोडवायर वापरली असेल तर तिचे साटाचे टोक नीट पाहावे. वायरी ज्यात ओतीव प्लास्टिकमध्येच गाडलेल्या असतात तो प्रकार आतल्या आत शॉर्ट होऊन वितळल्याची उदाहरणे बरीच आहेत. तशी वायर चालू असली तरी काढून टाकावी आणि हब एसएमपीएसच्या स्वतःच्या साटा वायरीवर घ्यावा.

दिव्यांच्या वायरीबाबत एकच सांगतो: तीन पिनांचे एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारे) ५ व्होल्टचे आणि चार पिनांचे जुने आरजीबी १२ व्होल्टचे असते. पहिल्याला दुसऱ्यावर लावले की दिवे कायमचे जातात.

मीटर लावून

मीटर वापरण्याची सवय असेल तरच हे करावे. संगणक चालू असताना एसएमपीएसच्या मोकळ्या मोलेक्स प्लगमध्ये काळ्या आणि पिवळ्या वायरीत ११.४ ते १२.६ व्होल्ट, काळ्या आणि लाल वायरीत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. आकडे या पट्ट्यात असून हब मुका असेल तर हब बदलावा. त्याच्या आतली पट्टी डागण्यात वेळ घालवण्याइतकी त्याची किंमत नसते. आकडे पट्ट्याबाहेर असतील तर हबला दोष देणे थांबवावे.

कुठे थांबावे

जळका वास, वितळलेले प्लास्टिक किंवा प्लगवर डाग दिसला तर ती वायर पुन्हा लावून ‘चालते का’ हे पाहू नये. हब लावताच संगणक बंद पडत असेल आणि काढल्यावर चालत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. एसएमपीएस स्वतःला वाचवत आहे, त्याला पुन्हा पुन्हा परीक्षेला बसवू नये. मदरबोर्डचा एखादा हेडर मेला असेल तर तो बोर्डाच्या कामातला जाणकारच पाहू शकतो, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर त्याआधी विक्रेत्याकडे जावे.

एसएमपीएस कोणत्याही परिस्थितीत घरी उघडू नये. २३० व्होल्टची वीज आत आल्यावर तिथल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार साठतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर संगणकवाल्याला नव्हे, वायरमनला बोलवावे आणि अर्थिंग तपासून घेईपर्यंत यंत्र लावू नये. जुन्या वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि त्याच्या मागे अर्थिंगची वायरच नसते.

दुरुस्तीला देताना फक्त कॅबिनेट पाठवू नये. हबची काढलेली वायर, पंख्यांचे लिहून घेतलेले आरपीएम, बायोसमधील पंख्यांच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो आणि रिमोट असल्यास तोही सोबत द्यावा. रिमोट घरी राहिला की सहा पिनांच्या हबची तपासणी तिथेच अडते.